हंसाला झालर

वऱ्हाडाला समुद्र नाही, ही कसर आम्ही लायटिंगने भरून काढतो. गणपती, गरबा, वरातीतला घोडा, पोळ्याला बैलाऐवजी उभा केलेला ट्रॅक्टर, सगळ्यांवर झालर चढून झाली. बोट तेवढी राहिली होती.

परवा अमरावतीत इलेक्ट्रिकच्या दुकानात एक भाऊ एलईडी पट्टीचं रीळ उलगडून बसलेले. पॅडलवाल्या हंसाच्या मानेला गुंडाळायची म्हणे.

"पाण्यात टिकते काय?"

"टिकते ना भाऊ! आयपी ६८ हाय."

हाय खरी. बुडली तरी पेटते. गंजतो तो उघडा ठेवलेला जोड. पण सीलबंद जोड आणि बॅटरीजवळचा फ्यूज चमकत नाहीत, म्हणून त्यांची चौकशी कोण करतो!

समुद्रावर रात्री बोटीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. समोरची बोट येते आहे की जाते आहे, हे अंधारात त्यावरूनच कळतं. १९७२ साली जगभरच्या देशांनी हे नियम ठरवले. आमचा हंस दर दोन सेकंदांनी सातही रंग बदलणार, म्हणजे तो एकाच वेळी येणार आणि जाणारही.

बरं, दिवस मावळायच्या आत बोटिंग बंद. मग ही झगमग बघायला उरतात चिलटं आणि चौकीदार.

मे महिन्यात तळं आटतं, हंस गाळात बसतो. लायटिंग मात्र चालूच ठेवता येईल. आयपी ६८ हाय.