सल्फेटांचे घराणे

कोपरगाव तालुक्यात चोपण जमिनीवर जिप्समचा उतारा सांगणारे सद्गृहस्थ चहाच्या दुकानात विपुल आढळतात. परंतु जिप्सम मातीत पडल्यावर नेमके काय करते, असे पुसताच त्यांना एकाएकी उसाच्या पाळीची आठवण होते.

त्याचे उत्तर रासायनिक बंधांत आहे, आणि बंधांविषयी शाळेत आम्हांस शिकविलेला नियम मोठा सुटसुटीत होता: धातू आणि अधातू यांचा संबंध आला की आयनिक बंध, आणि दोन्ही पक्ष अधातू असले की सहसंयुज. हा नियम मिठाला लागू पडतो, पाण्याला लागू पडतो, आणि उसाच्या मुलखात शिरताच निरुत्तर होतो. कारण अमोनियम सल्फेट खताच्या पोत्यात धातूचा लवलेश नसताना तो पदार्थ खुशाल आयनिक असतो.

सल्फेट हे संयुक्त मूलक म्हणजे अस्सल एकत्र कुटुंब. गंधकाचा एक अणू, ऑक्सिजनचे चार, आणि इलेक्ट्रॉनांची मिळकत सामाईक. त्याउपर परक्या घरातून आलेले दोन इलेक्ट्रॉन, तेही कोणा एकाच्या नावे नव्हे, तर चारही ऑक्सिजनांच्या खात्यावर समसमान चढलेले. जिप्सममध्ये, म्हणजे कॅल्शियम सल्फेटमध्ये, हे दोन देणारा कॅल्शियम मात्र उंबऱ्याबाहेरच राहतो; त्याच्याशी नाते केवळ विद्युत्-आकर्षणाचे, म्हणजे आयनिक. अमोनियमचा प्रकार दत्तविधानाचा आहे: अमोनियातील नायट्रोजन आपल्याजवळची शिलकी जोडी खर्चून एका हायड्रोजन आयनास घरात घेतो, आणि मग चौघांतला औरस कोण व दत्तक कोण, हे ब्रह्मदेवासही सांगता येत नाही. दिवाणी न्यायालयाच्या ओट्यावर बसणाऱ्या आमच्या भाऊबंदांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

या एकत्र कुटुंबाच्या नेमका उलट प्रयोग करणारे पुरुष आमच्याच गावी येऊन राहिले होते. राघोबादादांनी पेशव्यांच्या घरातला बंध तोडून १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी बाहेरचा बंध जोडला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तोही सुटला, तेव्हा दरमहा २५,००० रुपयांच्या तनख्यावर ते गोदाकाठी कोपरगावास आले आणि १७८३ मध्ये येथेच निवर्तले. सल्फेटचे शील याहून बरे. पाण्यात पडताच जिप्समचा कॅल्शियम एकीकडे व सल्फेट दुसरीकडे होते खरे, पण गंधकापासून ऑक्सिजन तसूभर ढळत नाही. पाण्याचा अंमल बाहेरच्या बंधावर चालतो, आतल्या बंधावर नाही. आमच्या साखर कारखान्यांत उसाच्या रसाला चुना आणि गंधकाचा धूर देतात, तेव्हा तळाशी बसणारे कॅल्शियम सल्फाइट याच गोत्राचे. तेथे ऑक्सिजन तीन, एवढाच भेद.

आता चहाच्या दुकानातल्या त्या सद्गृहस्थांनी टाळलेले उत्तर. कालव्याचे पाणी आणि बिननिचऱ्याची काळी माती यांच्या संगनमताने चोपण झालेल्या जमिनीत चिकणमातीच्या कणांवर सोडियम ठाण मांडून असतो. जिप्सममधून सुटलेला कॅल्शियम त्याला बेदखल करतो, कण एकत्र येऊन माती भुसभुशीत होते, आणि बेदखल झालेला सोडियम सल्फेटच्या आश्रयाने पाण्यात हिंडू लागतो. हा हिंडणारा सोडियम शेताबाहेर घालवावा लागतो. म्हणून शेतकरी बंधूंस विनंती, की जिप्समची पोती उतरविण्यापूर्वी निचऱ्याचे चर खणून घ्यावेत. सोडियम आपण होऊन तालुका सोडीत नाही.