शूमनच्या माथी ट्रॉम्बोन

रॉबर्ट शूमन 1856 साली वारला, ते एका अर्थी बरंच झालं. त्याच्या ‘ट्रॉयमेराय’ची मी ट्रॉम्बोनसाठी जी मांडणी केली, तिला हरकत घेणारं आता कोणी उरलेलं नाही. एक भाची सोडून.

1838 सालच्या ‘किंडरझेनेन’मधल्या 13 तुकड्यांतला हा सातवा. मूळ पियानोचा, संथ, छोटासा. चाल एक सप्तक खाली उतरवली की ट्रॉम्बोनच्या टप्प्यात बसते, हे कागदावर ताडून पाहिलं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. कागदाला हात नसतात. सुरुवातच सीवरून एफवर. माझा ट्रॉम्बोन लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेला, बिनट्रिगरचा. त्यावर सी सरकत्या नळीच्या सहाव्या पोझिशनला आणि एफ पहिल्या. म्हणजे हात जवळजवळ पुरता लांब करायचा (तिथे आमचं कपाट आहे) आणि पापणी लवायच्या आत परत आणायचा. जिभेनं ‘द’ म्हणायला जरा उशीर झाला, की मधले सगळे सूर फुकटात ऐकू येतात. आपल्याकडे मींड म्हणून ते खपलंही असतं. शूमनमध्ये म्हैस हंबरल्यासारखं वाटतं.

पण खरी फजिती भाचीच्या पियानो-साथीची. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरू लागतो, म्हणून त्या लांबलेल्या एफखालची कॉर्ड स्वच्छ ऐकू येते. माझा एफ विरत नाही, फुगतो. शिवाय सप्तक उतरवल्यानं चाल ठिकठिकाणी मधल्या सुरांच्याही खाली जाऊन बसली.

“मामा, उजव्या करंगळीनं काय करू? तिचं काम तू नेलंस.”

“विश्रांती दे तिला.”

“आणि तू श्वास कुठे घेणार? चार बार सलग आहेत.”

शूमननं मिनिटाला 100 ठोक्यांची गती लिहून ठेवली आहे. त्या हिशेबानं चार बार दहा सेकंदांत उरकतात. बहुतेक पियानोवादक ती जुमानत नाहीत, खुशाल रेंगाळतात. त्यांचं काय जातं? बोटांना दम लागत नाही. मी मात्र शूमनशी एकनिष्ठ राहायचं जाहीर केलं. या निष्ठेचं मूळ भाचीनं लगेच ओळखलं.

मग तिनं पेन्सिल घेतली. मधले सूर वर चढवले, डावा हात विरळ केला आणि जिथे माझा दम संपतो तिथे चाल पियानोकडे वळवली. ऐकायला झकास. माझा दम बऱ्याच ठिकाणी संपतो, त्यामुळे चाल बरीचशी पियानोकडेच आहे. शेवटच्या कॉर्डमधला चालीचा एफ मात्र नक्की माझा. तो पहिल्या पोझिशनला येतो. कपाट हलवावं लागत नाही.