हातमोज्याला खाज सुटत नाही

पाणीपुरीच्या गाडीवर हल्ली पारदर्शक प्लास्टिकचा हातमोजा दिसतो. त्याच मोज्यातल्या अंगठ्याने पुरीला भोक पडतं, रगडा भरला जातो, पुरी मडक्यात डुबकी मारून येते. मग तोच मोजा मळकी नोट घेतो, सुटे देतो, मधूनच कपाळावरचा घाम पुसतो आणि पुढच्या पुरीकडे वळतो. गिऱ्हाईक खूश. ‘मोजा घालतो हो, फार स्वच्छ!’ स्वच्छ आहेच. पाणीपुरीवाल्याचा हात दिवसभर अगदी स्वच्छ राहतो. मोजा त्याचं रक्षण करतोय, आपलं नव्हे, एवढंच माझं म्हणणं आहे.

यात मोज्याचा दोष नाही, त्याचं घराणंच तसं. 1889 च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेचे हात जंतुनाशक पारायुक्त द्रावणाने सोलवटून निघत होते. तिथले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले आणि 1890 मध्ये तिच्याशी लग्नही केलं. (इतरांनी एका बोटापुरती अंगठी द्यावी, यांनी दहाही बोटांची सोय केली.) रोग्याचा जंतुसंसर्गही मोज्यांमुळे कमी होतो, हे पुढे ध्यानात आलं. उलट व्हिएन्नात 1847 मध्ये डॉक्टर सेमेलवाइस यांनी एकही मोजा न वापरता चमत्कार घडवला होता. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्यांच्या प्रसूती वॉर्डात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. उन्हाळ्यात तो आकडा दोनच्या आसपास आला. बक्षीस म्हणून बरेच सहकारी त्यांच्यावर रुसले. आपले हात घाण आहेत, हे ऐकून घेणं धुण्यापेक्षा अवघड असतं.

मोज्याची खरी गोम अशी की त्याला कातडी नसते. उघडा हात चिकट झाला, ओशट झाला, की तो आपल्याला नळाकडे ढकलतो. मोजा घातला की हे तक्रार खातं बंद. हात वाचवणं वेगळं आणि वस्तू स्वच्छ ठेवणं वेगळं, हे आपल्या स्वयंपाकघराला पूर्वीपासून ठाऊक आहे. सुरण चिरताना खाजू नये, फणस कापताना चीक चिकटू नये, म्हणून हाताला तेल चोपडतात. हा झाला हातमोजाच, तोही शिलाईविना. पण तेल लावल्यामुळे सुरण निर्जंतुक झाला, असा दावा कोणत्याही आजीने केलेला नाही. तेव्हा समोरची वस्तू आपल्याला चावणारी असेल, म्हणजे ढीगभर तिखट मिरच्या, संडास धुण्याचं ॲसिड, दुसऱ्याचं रक्त, तर खुशाल मोजे घालावेत. गरगर फिरणाऱ्या ड्रिल मशीनपाशी मात्र मुळीच घालू नयेत. मोजा अडकला की पाठोपाठ बोटंही आत जातात.

‘मग सर्जन काय वेडे आहेत?’ नाहीत. त्यांचा मोजा एका रोग्यानंतर कचऱ्यात जातो. शिवाय मोज्याला न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना हात बरबटतो, म्हणून मोजा घालण्याआधीही हात धुतात आणि काढल्यावरही. जागतिक आरोग्य संघटना साबणाने हात धुण्याला एकूण 40 ते 60 सेकंद द्यायला सांगते. आपण देतो ते नळाला नुसतं दर्शन. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गाडीवर नळ आणायचा कुठून? कबूल. मिनिटामिनिटाला हात धुवायचे तर मडक्यातलं पाणी पुरीला उरायचं नाही. पण दुखणं नोटेचं आहे, आणि त्यावर उतारा गाडीला टांगलेला आहे. त्या क्यूआर कोडच्या पाटीने आरोग्याची जेवढी सेवा केली, तेवढी डझनभर मोज्यांनी केली नसेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

एवढं झाल्यावर गिऱ्हाईक पाणीपुरीवाल्याच्या बोटांकडे संशयाने पाहत खिशातून फोन काढतं, कोडसमोर धरतं, पैसे गेल्याची खात्री करायला काचेवर चार वेळा बोट फिरवतं, आणि त्याच बोटांनी द्रोणातली पुरी उचलून तोंडात टाकतं.