फुकटचा वायू, विकतचा फेस

न्यू जर्सीत आमचे मेहुणे गॅरेजमध्ये बिअर गाळतात. कायदेशीर बरं का. 1978 सालीच राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी तशी सही करून ठेवलीय. आंबताना यीस्ट भरभरून कार्बन डायऑक्साइड देतं, तो आठवडाभर बुडुक-बुडुक करत हवेत जातो. मग मेहुणे गाडी काढून तोच वायू सिलिंडरमध्ये विकत आणतात आणि 19 लिटरच्या, पूर्वाश्रमीच्या कोल्ड्रिंकच्या पिंपाला 12 पीएसआय दाबावर जोडतात. सिलिंडरचा काटा तर नमुनेदार. आतला द्रवरूप वायू संपेपर्यंत ढिम्म हलत नाही, आणि कोसळतो तो नेमका पाहुणे आल्यावर. सिलिंडर वजनावर ओळखायचा असतो, हे ताईला ठाऊक आहे. साताऱ्यात ती घरचा गॅस हलवूनच सांगायची. मेहुणे मात्र साबणाचं पाणी लावून गळती शोधताहेत.