ओवाळणीत दगड

माझी निवड चांगली आहे. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण मी ते सगळ्यांना सांगत असतो. बारशापासून निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत कोणाला काय द्यावं हे मला कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो. दुकानदाराने पहिली वस्तू पुढे केली की "ही नको, आतलं काढा" म्हणण्याचा माझा एक खास आवाज आहे. त्या आवाजाला पुरून उरलेलं एकच माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. ताई रत्नं जमवते.

रत्नं म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे चमकलं असेल ते कृपा करून बाजूला ठेवा. ताईच्या अंगावर मंगळसूत्र आणि मनगटी घड्याळ यापलीकडे काही नसतं. तिचे खडे होमिओपॅथीच्या बाटल्यांत, औषधाच्या डब्यांत, कापसावर, कपाटाच्या उथळ खणांत असतात. ग्रहांशी तिचं देणंघेणं नाही. साडेसातीवर नीलम सुचवणाऱ्या एका शेजाऱ्यांना तिने चहा देता देता सांगितलं होतं, की नीलम आणि माणिक हे एकच खनिज, कुरुंद. क्रोमियम शिरलं की लाल होतं, लोह आणि टायटॅनियम शिरलं की निळं. तेव्हा शनी आणि सूर्य यांनी आपसांत मिटवून घ्यावं, शेवटी बापलेकच ते. शेजारी चहा अर्धा टाकून गेले.

अशा बाईला भाऊबीजेला घालायचं काय? साडी घालावी तर "ठेव तिथे" म्हणते आणि भिंग शोधायला लागते. पाकीट घालावं तर त्या पैशांचा ती दगड आणते, म्हणजे निवड तिची. मग माझ्या निवडीचं काय?

म्हणून एका दिवाळीत मी माणिकच घेतलं. हरभऱ्याएवढं, लालभडक, आणि भाव ऐकून मला दुकानदाराचीच दया आली. बिचाऱ्याला आपल्याकडे काय आहे ते कळत नव्हतं. ओवाळून झाल्यावर ताईने तबकातून ते उचललं, दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं, खिडकीशी गेली आणि "अगं बाई!" म्हणाली. मी विनयाने खाली बघितलं.

"अरे, वक्र रेषा आहेत आत!"

मी म्हटलं, असणारच, आतलं काढायला लावलं होतं.

मग मला कळलं ते असं : निसर्गात स्फटिक वाढतो तो सरळ कडांनी, म्हणून त्याच्या आतल्या वाढीच्या रेषाही सरळ असतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा गोलसर रेषा दिसल्या की तो दगड भट्टीतला. ऑग्युस्त वेर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसाने अॅल्युमिनाची भुकटी ज्योतीतून वितळवत, थेंबावर थेंब साठवत माणिक तयार करण्याची रीत 1902 मध्ये जाहीर केली. माझं माणिक त्याच कुळातलं. पण ताई खरोखर खूश होती. "इतक्या स्पष्ट रेषा मी आजवर पुस्तकातच पाहिल्या होत्या रे," असं म्हणून तिने त्या दगडासाठी एक नवा खण मोकळा केला.

त्या खणात पुढे भर पडत गेली. सोनेरी सिट्रिन म्हणून दिलेला खडा मूळचा जांभळा अॅमेथिस्ट निघाला, तो भाजून पिवळा केलेला होता. पाचू तर काचच होती. ताईच्या संग्रहात नकली आणि रंगरंगोटी केलेल्या खड्यांचा जो विभाग आहे, तिथे माझ्याखेरीज कोणाचाही दगड नाही. एका माणसाच्या नावे अख्खा विभाग असणं ही काही लहान गोष्ट नव्हे. शिवाय मी एकटा नाही. इंग्लंडच्या राजमुकुटात अगदी दर्शनी बसवलेलं ते प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' माणिक नाहीच, ते स्पिनेल आहे. राजेलोकांनी ते शतकानुशतकं माणिक म्हणूनच मिरवलं. मी निदान दिवाळीपुरतंच मिरवलं.

दगड नको तर दगडांना उपयोगी पडेल असं काहीतरी द्यावं, असं मग बायको म्हणाली. मी ध्वनिलहरींनी दागिने साफ करणारं यंत्र आणलं. पाचूंच्या बारीक भेगा झाकायला त्यांत तेल मुरवलेलं असतं आणि या यंत्रात ते तेल निघून जाऊन भेगा उघड्या पडतात, हे मला ते विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. यंत्र वाया गेलं नाही. भाओजींची कवळी त्यात इतकी स्वच्छ निघते, की ते हल्ली विनाकारण हसतात.

मग एकदा मला आठवलं, की आपण पुणेकर आहोत.

इथे मला जरा वेळ द्या, कारण हा माझा आवडता विषय आहे आणि घरी तो कोणी पुरा होऊ देत नाही. जगात हिरे, माणकं, पाचू कोणाकडेही असतील, पण कॅव्हन्साइट पुणेकरांचा. मोरपिशी म्हणावं तर त्याहून गडद असा निळा, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला, नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणीतला. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडलं हे खरं, पण जगातले उत्तम नमुने वाघोलीचे, हे अमेरिकनही मान्य करतात. चितळ्यांच्या दुकानाबाहेर पाटी पाहून परत फिरलेल्या माणसालाही हे मान्य करावंच लागेल. पाषाणच्या टेकडीतलं हिरवं अॅपोफिलाइट असंच नावाजलेलं. बोरघाटातून 1863 मध्ये रेल्वे सुरू झाली. त्यासाठी डोंगर फोडताना निघालेले स्फटिक युरोपच्या संग्रहालयांत जाऊन बसले. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला पाण्यासाठी विहीर खणताना हिरव्या अॅपोफिलाइटचे गोळेच्या गोळे निघाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, दगड थिजला, आणि त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं ऊन पाणी झिरपत राहून स्फटिक धरत गेले. आपण ज्याला काळा दगड म्हणून फरशीखाली घालतो त्याच्या पोटात हे सगळं आहे. सिन्नरला 'गारगोटी' नावाचं संग्रहालय आहे तिथे जाऊन पाहा. मी तिथल्या मार्गदर्शकाला बरीच माहिती दिली.

आणि हे सगळं आपल्याला मिळतं ते खडी पाडताना. सुरुंग उडतो, पोकळी फुटते, आतलं बहुतेक सगळं क्रशरमध्ये जातं. घण मारणाऱ्या एखाद्याने एखादा तुकडा बाजूला ठेवला तर तो हातोहात फिरत अॅरिझोनातल्या टुसॉनच्या बाजारात पोचतो आणि तिथे त्याला काय भाव येतो हे त्या घण मारणाऱ्याला कधीच कळत नाही. उरलेली खडी आपल्या स्लॅबमध्ये. वाघोलीत आता टॉवर उभे आहेत, त्यांच्या जाहिरातींत 'क्रिस्टल', 'सॅफायर' अशी नावं असतात, आणि खरे स्फटिक बहुधा तिसऱ्या मजल्याच्या खांबात असतात. याबद्दल मी एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. त्यांनी ते 'पाणीटंचाई' या सदरात छापलं.

असो. मी वाघोलीचा कॅव्हन्साइट आणला, खरा आणला, भिंगातून बघून आणला. ताईने तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "माझ्याकडे आहे एक. बारावीत असताना आणलेला नव्हे, नंतरचा. बारावीतले आईने टाकले."

ताईला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. फॉर्म आणला होता. मुलगी हातोडी घेऊन डोंगरांत कुठे हिंडणार, असं आमच्या घरात ठरलं आणि ती कॉमर्सला गेली, मग बँकेत लागली. पुढे मी मराठी साहित्य शिकायचं म्हटलं, ज्यातून चार पैसे मिळण्याची शक्यता डोंगरातल्यापेक्षाही कमी होती, तेव्हा मात्र बाबांनी पेढे आणले. बँकेत तिला सोनेतारण मिळालं. तारणाच्या दागिन्यांत सोन्याचाच भाव धरतात, खड्यांचं वजन वजा करतात. वजा करताना ताई ते खडे बघून घ्यायची. तिची नव्याने सुरुवात तिथली. बाबांवर रागवावं तर ते आता नाहीत, ताई रागवत नाही, त्यामुळे तो राग माझ्याकडेच पडून आहे आणि कुठे घालावा ते समजत नाही.

यंदा मी सरळ विचारलं, काय हवंय? ती म्हणाली, "तुझं अक्षर चांगलं आहे ना? चिठ्ठ्या लिहून दे."

दगड कुठला हे त्याच्यासोबत लिहिलेलं नसेल तर जमवणाऱ्याच्या लेखी त्याची किंमत फारशी उरत नाही. ताईला ठावठिकाणे पाठ आहेत, पण हल्ली हात थरथरतो. आणि माझं अक्षर खरंच चांगलं आहे. शाळेत बक्षीस होतं, प्रमाणपत्र कोणाला बघायचं असेल तर दिवाणखान्यात आहे. तेव्हापासून मी रविवारी तिच्याकडे बसतो, ती सांगते, मी लिहितो. अडचण एवढीच, की ती विशेषणं लिहू देत नाही. 'मोहक', 'नितळ', 'अद्वितीय' सगळं खोडायला लावलं. "स्टिल्बाइट, जळगाव. पुढचं घे." मी ज्यावर पोट भरतो ते सगळं त्या चिठ्ठीबाहेर राहतं.

मागच्या रविवारी माझा कॅव्हन्साइट आला. तिच्या आधीच्या नमुन्यापेक्षा तो मोठा आहे, हे तिने स्वतःहून कबूल केलं. मी 'जगप्रसिद्ध' हा एकच शब्द मागितला. चिठ्ठी तीन सेंटीमीटरची आहे, ती म्हणाली. आम्ही घासाघीस केली, भाओजी मध्ये पडले, हसले, उपयोग झाला नाही. शेवटी लिहिलं : कॅव्हन्साइट, स्टिल्बाइटवर. वाघोली, जि. पुणे. त्यातलं 'पुणे' मी इतर अक्षरांपेक्षा जरा ठळक काढलं आहे. ताई भिंग दगडावरच धरते, चिठ्ठीवर नाही, त्यामुळे अजून खपून गेलंय.