बंदा डॉलर

इंग्लंडातून अमेरिकेत आलेल्या जॉर्ज मॉर्गन नावाच्या कोरीवकाम करणाऱ्यानं १८७६ साली फिलाडेल्फियातल्या ॲना विलियम्स या शिक्षिकेला समोर बसवलं आणि तिचा एका बाजूनं दिसणारा चेहरा कागदावर उतरवला. १८७८ पासून तो चेहरा चांदीच्या डॉलरवर आला. सरळ नाक, भरलेला गाल, केसांत गव्हाच्या ओंब्या आणि कापसाची बोंडं. या ‘मॉर्गन डॉलर’वर जीव टाकणारे संग्राहक अमेरिकेत गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या प्रेमाचे नियम इतर कुठल्याही प्रेमाइतकेच अगम्य आहेत. चांदी म्हणाल तर सगळ्यांत सारखीच, पावणेसत्तावीस ग्रॅमच्या नाण्यात दहा भागांतले नऊ. पण मागच्या बाजूला, पुष्पचक्राखाली, डोळे बारीक करून पाहावं असं एक अक्षर असतं. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, ‘सीसी’ म्हणजे नेवाडातली कार्सन सिटी. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत हे डॉलर एक लाखच पाडले गेले, म्हणून तेवढ्या एका अक्षरासाठी माणसं आयुष्यभराची पुंजी मोकळी करतात.

साल आणि अक्षर जुळलं की मग गालाची तपासणी. १९४९ साली विल्यम शेल्डननं नाण्याच्या प्रकृतीला १ ते ७० गुण देण्याची पद्धत काढली. हा गृहस्थ मानसशास्त्रज्ञ; माणसांच्या देहांचीही त्यानं अशीच प्रतवारी लावली होती. त्याच्या हिशेबात सत्तर गुणांचं नाणं एका गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचं. म्हणजे जो डॉलर खाणकामगाराच्या खिशात फिरला, वाण्याच्या गल्ल्यात पडला, कुणाचं औषध आणि कुणाची दारू घेऊन आला, त्याचा गाल झिजला आणि तो बहुधा चांदीच्या भावाच्या आसपासच राहिला. सरकारी तिजोरीत पोत्यात निजून राहिलेल्याला मात्र साठाच्या वर गुण. आयुष्यभर काही न केल्याचं इतकं घसघशीत बक्षीस एरवी काही मोजक्या घराण्यांतच मिळत असावं. त्यातही गंमत अशी, की एका पोत्यात हजार डॉलर असायचे आणि पोतं हललं की ते एकमेकांना घासायचे. त्यामुळे निजलेल्या बाईच्याही गालावर ओरखडे. एकत्र कुटुंबात राहून निर्मळ गाल कुणाचा राहिलाय?

आमच्या आजीला यातलं काही पटलं नसतं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ती चांदीचे रुपये कोरड्या रांगोळीनं असे घासायची, की राजाला आपली दाढी शोधावी लागे. संग्राहकाला हे दृश्य पाहून घेरी येईल. नवं नाणं दिव्याखाली हलकेच कलतं केलं, की त्यावरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. ठशाच्या दाबाखाली धातू सरकताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांची ती करामत. एकदा घासलं की त्या रेषा गेल्या, प्रकाश फिरायचा थांबला आणि किंमतही बसली. हवेतल्या गंधकानं चढलेली काळसर निळी झाक तर हे लोक इतक्या आदरानं जपतात, की आजीनं त्यांना आळशीच म्हटलं असतं.

बरं, इतकं जपूनही भरवसा नाही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ सालचा डॉलर दुर्मिळांतला दुर्मिळ मानला जाई. १९६२ साली तिजोरीतून त्याचीच पोती बाहेर आली आणि भाव कोसळला. ज्यांनी मखमलीच्या पेटीत तो ठेवला होता त्यांच्या नाण्याला काहीच झालं नव्हतं. चेहरा तोच, चमक तीच. फक्त तिच्या बहिणी जिवंत निघाल्या.

आणि ज्या निघाल्या नाहीत, त्यांतल्या पुष्कळ आपल्याकडे आल्या. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडची चांदी संपत आली. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेनं २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानसाठी विकत घेतली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. एका डॉलरच्या शुद्ध चांदीत साधारण सव्वादोन रुपये बसतात. फिलाडेल्फियाची शिक्षिका अशी मुकुटधारी पंचम जॉर्ज होऊन कुणाच्या हुंड्यात गेली, कुणाच्या चुलीमागच्या गाडग्यात पुरली गेली. कोणत्या सालचे किती डॉलर भट्टीत गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून तिकडचे संग्राहक आजही उरलेल्यांवरून गेलेल्यांचा अंदाज बांधतात, आणि त्या अंदाजावर लिलावात हात वर करतात.

तेव्हा घरच्या डब्यात १९१८ चा रुपया सापडला तर फार हरखू नका. तो कोट्यवधींनी पाडला गेला होता. सराफ तो काट्यावर टाकून चांदीच्याच भावानं घेतो.