द्या काय द्यायचं ते

नागपूरहून दुचाकीवर हैदराबादला निघालेल्या माणसाची तयारी बघण्यासारखी असते. गुडघ्यांना कवच, कोपरांना कवच, हेल्मेटवर कॅमेरा, हँडलवर मोबाइल, मोबाइलवर नकाशा आणि नकाशावर दर थांब्याच्या जेवणाची नोंद. पंक्चर काढायचं सामान असतं, रात्रीची विजेरी असते, सर्पदंशावर काय करावं याची माहितीसुद्धा उतरवून घेतलेली असते. दोघांच्या नाश्त्याच्या पैशांत मिळणारी जादा क्लच वायर तेवढी घरी राहते.

रस्त्याला दोष द्यायला जागा नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग 44. जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी तो अजून सात नंबरच आहे. पांढरकवडा मागे पडतं, पिंपळखुटी मागे पडते, पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा. इथपर्यंत गाडीला काही होत नाही. होतं ते आदिलाबादेत, जेवायला म्हणून महामार्ग सोडून गावात शिरल्यावर.

त्यातून दिवस दिवाळीनंतरचे असले तर विचारूच नका. काळ्या मातीतला कापूस घरात आलेला असतो आणि घरातून मार्केट यार्डाकडे निघालेला असतो. ट्रॅक्टर, टेम्पो, मिळेल ते वाहन कापसाने फुगून रस्त्यात उभं. भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलाव्याच्या कापसाला पूर्ण हमीभाव देतं, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत भाव कापतं आणि त्याहून ओला असेल तर घेतच नाही. म्हणजे ओलाव्यावरून वाद होणार, वादापायी रांग लागणार आणि रांगेत सापडलेला दुचाकीवाला क्लच दाबत-सोडत, दाबत-सोडत पुढे सरकणार. क्लच वायर म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ. तेलाचा थेंब न मिळालेल्या त्या तारा लिव्हरपाशी वाकून वाकून महिनोन्महिने एकेक करून तुटत असतात आणि मालकाला पत्ता नसतो. शेवटची तार कुणा अनोळखी शेतकऱ्याच्या साडेबारा टक्के ओलाव्यापायी जाते.

हातातली लिव्हर एकदम सैल पडते. पहिल्या गिअरमधली गाडी एक झटका खाऊन बंद पडते आणि मागून हॉर्न सुरू होतात.

मोबाइल तत्परतेने सांगतो, की या गाडीचं सर्व्हिस सेंटर पुढे हैदराबादला आहे, सुमारे तीनशे किलोमीटरवर. किंवा मागे नागपूरला, दोनशेवर. लगोलग मोबाइल त्या केंद्राला किती तारे द्याल असंही विचारतो.

तोवर माणसं जमलेली असतात. महाराष्ट्राची पाटी बघून कुणी चौकशी करतो, मग कुणाची तरी मावशी पांढरकवड्याची निघते. पाटीचा विषय आदिलाबादकरांच्या जिव्हाळ्याचा असावा. आपल्याकडे 01 म्हणजे मुंबई. इथे 01 म्हणजे आदिलाबाद. अविभाजित आंध्रात जिल्ह्यांना क्रमांक इंग्रजी अकारविल्हे दिले गेले, त्यात या जिल्ह्याने हैदराबादलाही मागे टाकून पहिला नंबर पटकावला. पुढे राज्य बदललं, एपीचं टीएस झालं, 2024 मध्ये टीएसचं टीजी झालं, पण 01 कुणी हलवला नाही. 1956 च्या पुनर्रचनेत याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या. म्हणून गाडी ढकलत ज्याच्याकडे नेली जाते तो मिस्त्री पोऱ्याला तेलुगूत ओरडतो, फोनवर दखनी उर्दूत बोलतो आणि प्रवाशाकडे वळून विचारतो, "काय झालं भाऊ? वायर गेला का?"

"गेला. पण ही गाडी वेगळी आहे हो. हिचा ओरिजिनल पार्ट..."

मिस्त्री ऐकून घेतो. त्याच्या दुकानात खिळ्यांना टांगलेलं निम्मं सामान स्प्लेंडरचं असतं. ही 97.2 सीसीची गाडी 1994 मध्ये आली आणि गावोगावच्या मिस्त्र्यांना तिने पुरतं घडवलं. तिच्यावर बायको, दोन पोरं आणि खताचं पोतं एका वेळी जातं. चिखलातून जातं, धुऱ्यावरून जातं. ती बिघडली तर पार्ट वाण्याकडे साबणाशेजारी मिळाला तरी नवल वाटू नये. उलट पाच-सहापट किमतीची गाडी इथे पोरकी असते. दुचाकी घेताना लोक मायलेज बघतात, सीट बघतात, शेजाऱ्याचा चेहरा बघतात. हिचं कुठलं दुखणं कुठल्या गावात बरं होईल, हे कुणी बघत नाही.

मिस्त्र्यांवरही दिवस आलेच. कार्बोरेटर होता तोवर रोगनिदान सोपं होतं: "कचरा आला." गाडी झटके मारो, बंद पडो नाहीतर नुसती उदास दिसो, कार्बोरेटर खोलून फुंकर मारली जायची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता संगणक लावल्याशिवाय इंजिन बोलत नाही. सुदैवाने बऱ्याच गाड्यांचा क्लच अजून तारेवरच चालतो. तिला फुंकरही नको, संगणकही नको.

रॉबर्ट पिर्सिगच्या 1974 च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'मध्ये एक प्रसंग आहे. मित्राच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं. निवेदक म्हणतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून सांध्यात घालू, काम होईल. मित्राला हा आपल्या गाडीचा अपमान वाटतो. आदिलाबादेत तो मित्र हरला असता, कारण मिस्त्रीने त्याला विचारलंच नसतं. इथे दहा-अकराचा पाना फिरतो, जुनी तार बाहेर ओढली जाते, तिच्याच आवरणातून नवी, लांबडी तार तेल पाजून आत सरकते. टोकाची शिशाची गोळी या लिव्हरला बसत नाही, म्हणून पेचाची पितळी गोळी आवळली जाते. उरलेली तार पकडीने कटकन तोडतात. "दाबून बघा."

क्लच लोण्यासारखा झालेला असतो. नवी गाडी आणली तेव्हा असाच होता की याहून कडक, हे मालकाला आठवत नाही.

खरी कसोटी यानंतर. "किती झाले?" या प्रश्नावर मिस्त्री हात पुसत म्हणतो, "द्या काय द्यायचं ते." चार कंपन्यांचे भाव ताडून गाडीचा विमा उतरवलेल्या माणसाला इथे घाम फुटतो. पन्नास दिले तर कंजूष, पाचशे दिले तर शहरी शहाणा. तो दोनशे काढतो. मिस्त्री नोटांकडे बघतो, पोऱ्याकडे बघतो, पन्नास परत देतो आणि मग मागच्या चाकाशी खाली बसतो.

"चेन लई ढिली हाय भाऊ. निर्मलचा घाट उतरायचाय ना? चौदाचा पाना आण रे!"